पद्मा, बारा साते किती?

पद्मा,

तुझी लावण्या आत्ता माझ्या स्वयंपाकघरात बसून दुधात कडक भाकरी मोडतेय. शाळा सुटली की ती प्रेरणाबरोबर आमच्याकडे येते आणि साडेसातला तिची आजी येऊन तिला घेऊन जाते, असं आम्ही ठरवलंय. तिच्या बाबाची पाळी तोवर संपत नाही. तुला विचारायचं राहिलं. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले.

खरं म्हणजे मी तुझ्याविषयी चार चांगल्या गोष्टी लिहायला बसले होते. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, उद्याच्या पालकसभेत तुम्हीच दोन शब्द बोला, तुमची मैत्री होती ना. मी हो म्हटलं. कागद घेतला, 'मनमिळाऊ' असा शब्द लिहिला आणि पेन थांबलं. तू कसली मनमिळाऊ! शाळेच्या गेटाजवळच्या ओट्यावर बसून तू दोन वर्षं माझ्याशी भांडलीस. आणि एकदा मी तुझ्याशी असं वागले की त्याला भांडणसुद्धा म्हणता येणार नाही. त्याबद्दल मी तुझ्याशी कधीच बोलले नाही. म्हणून ते दोन शब्द बाजूला ठेवलेत आणि हे तुलाच लिहितेय.

आपली ओळख झाली तीच पाढ्यांवरून. मुली दुसरीत होत्या. मी साडेचारला कॉलेजच्या ऑफिसातून सुटून गेटावर यायचे आणि तू अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातून, केसांत सुताची पांढरी धूळ घेऊन. त्या वर्षी या मॅडम नव्या आल्या होत्या. शेवटच्या तासाला सगळ्या वर्गाने एका सुरात पाढे म्हणायचे, ही आमच्या वेळेपासूनची पद्धत त्यांनी बंद केली होती. त्याऐवजी पोरं काड्या मोजत होती, चिंचोके वाटून घेत होती. मी ओट्यावर बसून तणतणत होते. शेजारी एक बाई शेंगा खात बसली होती, ती म्हणाली, "बरं झालं की अक्का. माझी पोरगी शाळेला जायाला रडत न्हाय आता."

"रडत नाही म्हणजे शिकते, असं असतं होय?" मी म्हटलं.

"रडली म्हंजे शिकती, असं तरी कुटं हाय?" असं म्हणून तू तुझ्यातल्या अर्ध्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्यास.

माझी बाजू तुला पुढं पाठच झाली होती. गिरणी बंद पडल्यावर माझे वडील घरी बसले आणि दिवेलागणीला मला उंबऱ्यावर बसवून तिसापर्यंत पाढे म्हणून घ्यायला लागले. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आपल्याला कुणी शिफारशीची चिठ्ठी देणार नाही, आपल्या डोक्यात जे पाठ असेल तेच आपल्याबरोबर येणार, असं ते म्हणायचे. ते स्वतः अंगठ्यावरून सहीवर आलेले होते. भरतीच्या परीक्षेत शेजारची मुलगी समासात गुणाकार मांडत बसली तेव्हा माझा पेपर सोडवून झाला होता. पाढ्यांनी मला खुर्ची दिली, पद्मा. म्हणून आमच्या गल्लीतली आणि तुमच्या गल्लीतली पोरं चिंचोके वाटत बसलेली दिसली की मला धास्ती वाटायची. पैसेवाल्यांची पोरं शाळेत खेळतील आणि संध्याकाळी क्लासला जाऊन सगळं घोकून येतील. आपल्यांना तो क्लास कुठला? नवं काही करून बघायला महापालिकेचीच शाळा सापडते का? हे मी आजही म्हणते. तू गेलीस म्हणून मी माझं म्हणणं सोडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तू तिथं बसून हसशील.

तुझी बाजू कळायला मात्र मला वर्ष लागलं. गॅदरिंगच्या तालमीमुळे मुलींना उशीर होता आणि गेटावर आपण दोघीच होतो. तू आपणहून सांगितलंस. तू चौथीत असताना गुरुजी रोज एकेकाला उभं करायचे आणि पाढा मधूनच विचारायचे. तुमच्या घरी तेलुगू. आकडा तुझ्या तोंडात यायचा तो तेलुगूत, आणि तो मराठीत फिरवेपर्यंत हातावर छडी बसायची. एक दिवस तू उभी राहिलीस आणि काही बोललीच नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तू शाळेला न जाता आईशेजारी मागाच्या कांड्यांवर सूत भरायला बसलीस, ती कायमचीच.

"कुनी इचारलं बी न्हाय अक्का, पोरगी का येत न्हाय म्हणून," तू म्हणालीस. मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणलास. "कुनाला सांगू नको बरं का. लावण्याच्या बाबाला वाटतंय मी सातवी पास हाय." आणि हसलीस. मी तुझ्या हातावर हात ठेवला. कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता.

त्यानंतर तू शाळेत टॉवेल आणायला लागलीस. विणीत खोट राहिलेले, डाग पडलेले चार टॉवेल तू मालकाला विचारून आणलेस आणि मॅडमना म्हणालीस, अपूर्णांक ह्याच्यावर शिकवा की. वर्गात पुढं यायला लाजलीस, दारातच उभी राहून घड्या घालून दाखवल्यास. एक घडी, निम्मा. आडवी दुसरी घडी, पाव. मग तीन सारखे भाग. ते तू इतकं सहज केलंस की मला वाटलं त्यात काय एवढं. घरी येऊन मी माझ्या टॉवेलचे तीन सारखे भाग करायला गेले, चार वेळा केले आणि चारही वेळा एक पट्टी लांब राहिली. हे मी तुला सांगितलं नाही. तुला एवढंच म्हटलं, "आता धुणंसुद्धा शाळेतच आण."

"आनते की. साबन तू आन," तू म्हणालीस.

मुली चौथीत गेल्या. पुढच्या वर्षी पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा, आणि वर्गात टॉवेल. माझा धीर सुटला. मी अर्ज लिहिला. वर्गात रोज पाढे म्हणून घ्यावेत, नाहीतर या मॅडमना हा वर्ग पुढं देऊ नये. सगळ्या पालकांची नावं खाली ओळीनं लिहिली आणि घरोघर फिरले. रिक्षावाले इक्बालभाई सही करताना म्हणाले, "मॅडम अच्छ्या हायेत हो ताई, पन पोरं खेळतेत लई." बहुतेकांचं तेच म्हणणं होतं. तू कागद वाचलास, पुन्हा वाचलास आणि परत दिलास. "दुसरं काईबी माग अक्का. ह्येच्यावर सही न्हाय करत." तुझ्या नावापुढची जागा तशीच राहिली. ती मोकळी जागा मला इतकी का टोचली, ते मला आज कळतं. बाकी सगळ्यांच्या सह्या मला भीतीनं मिळाल्या होत्या. तू एकटीच घाबरली नव्हतीस.

आणि मग ती सभा. आता जे लिहायचंय ते लिहिते.

मॅडमनी अर्जाचं ऐकलं होतं. त्या चिडल्या नाहीत. दोन मुलींना पुढं बोलावलं, आपल्याच दोघींना. त्यांनी विचारलं, एका टॉवेलचा तिसरा भाग मोठा की चौथा भाग मोठा? माझी प्रेरणा, जिला एकोणतिसाचा पाढा उलटा येतो, ती झटकन म्हणाली, "चौथा. चार मोठे असतात." लावण्या काही न बोलता टेबलाकडे गेली. घड्या घालून एका टॉवेलचे तीन सारखे भाग केले, दुसऱ्याचे चार, आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले. "तिसरा," ती म्हणाली. सगळ्यांना दिसलं. इक्बालभाईंनी सगळ्यात आधी टाळी वाजवली. मॅडमनी मुलींना बाहेर खेळायला पाठवलं. प्रेरणा खाली मान घालून माझ्यासमोरून गेली.

मी आतून जळत होते, पद्मा. तुझ्या मुलीचा राग नव्हता. तुझा होता. तू टाळ्या वाजवत नव्हतीस, उलट काळजीनं माझ्याचकडे बघत होतीस. त्या बघण्याचाच राग आला. मी उठून म्हटलं, "टाळ्या ठीक आहेत. पण परीक्षेत टॉवेल नेता येत नाही. ज्यांना ही पद्धत फार आवडते त्यांनाच विचारू या. पद्मा, बारा साते किती?"

लोक हसले. तू उभी राहिलीस. मी उभी राहा म्हटलं नव्हतं. नाव घेऊन कुणी पाढा विचारला की उभं राहायचं, हे तुझ्या अंगात अजून होतं. पंखा कुरकुरत होता. तू गप्प. तिथंच मी थांबू शकले असते. लोक हसून विसरले असते. पण मी म्हटलं, "सांग की. चौथीतलाच तर आहे."

चौथी हा शब्द मी मुद्दाम वापरला. तो तुला कुठं लागेल हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, कारण तू फक्त मलाच सांगितलं होतंस.

तू एकदा खिडकीकडे बघितलंस, अगदी जराशी मान हलवलीस आणि खाली बघत उभी राहिलीस. मला वाटलं, हरली. मॅडम म्हणाल्या, "बसा ताई." तू बसलीस आणि पदर हातात घेऊन त्याच्या घड्या घालायला लागलीस. मुख्याध्यापक म्हणाले, अर्जाचं पुढच्या सभेत बघू. घरी येताना प्रेरणानं मला विचारलं, तू पद्मामावशीला रागावलीस का? मी नाही म्हटलं.

महिनाभर तू ओट्यावर बसली नाहीस. गेटाच्या पलीकडच्या बाजूला उभी राहायचीस. मग एक दिवस येऊन माझ्याशेजारी बसलीस, जसं काही झालंच नव्हतं. पिशवीतून शेंगा काढल्यास, निम्म्या माझ्या हातावर ठेवल्यास आणि म्हणालीस, "घे. भाजून आनल्यात आज." मी घेतल्या. लावण्याचा दात पडला ते सांगितलंस. मी मनात म्हटलं, चला, मिटलं. सुट्टी लागली की एकदा निवांत बोलू, असंही म्हटलं. तुला मी किती ओळखते याचा मला केवढा गर्व होता, आणि तुझ्यासमोर एक वाक्य बोलायला मला सुट्टी लागणार होती!

सुट्टीच्या आधी तुला ताप आला. दवाखान्यात मी आले तेव्हा तू झोपली होतीस. तुझी सासू म्हणाली, उठवू का? मी म्हटलं, नको, झोपू दे. खरं सांगू? तू झोपलेली बघून मला बरं वाटलं. त्या दिवशी बोलावं लागलं नाही.

दहाव्याला तुझ्या घरी कारखान्यातल्या बायका आल्या होत्या. त्यातली महादेवी माझ्याजवळ बसली. ती रडत नव्हती, नुसती बोलत होती. तुम्ही घड्या घालून बारा-बाराचे गठ्ठे बांधायचात, ते तिनं सांगितलं. "आता डझन कोन सांगणार हो? सुपरवायजर मोबाईल काढूस्तोवर पद्माक्काचं सांगून झालेलं असायचं. सत्तेचाळीस डझन म्हटलं की पाचशे चौसष्ट. तोंडातल्या तोंडात तेलुगूत काय की पुटपुटायची आनि मराठीत सांगायची."

मी विचारलं, "आणि सात डझन?"

महादेवीनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी दुःखानं भ्रमिष्ट झाले होते. "सात डझन काय इचारता बाई! ते तर झोपेत बी सांगू की. आमच्या एका गोणीत सातच डझन बसतेत. चौऱ्याऐंशी."

त्या कारखान्यात अकरा वर्षं काढलीस, पद्मा. अकरा वर्षं तू रोज चौऱ्याऐंशी टॉवेलांची गोणी भरत होतीस, आणि मी तुला सगळ्यांसमोर उभं करून बारा साते विचारले.

तिथून उठून मी घरी आले, आणि गेले सात दिवस मला दुसरं काही सुचलेलं नाही. ऑफिसात मुलांच्या बोनाफाइड दाखल्यांवर चुकीची नावं टाकतेय. मी स्वतःशी तुझंच भांडण भांडतेय. तुला येत होतं, पण बारा साते म्हणजेच तुझे सात डझन, हे त्या क्षणी तुला दिसलं नसेल का? गुरुजींची छडी इतकी आत गेली होती का? मग म्हणते, बघ, हेच माझं म्हणणं होतं. हाताला येतं ते तोंडाला यायला नको? तुझ्या मॅडमनी डझनावरून पाढ्यापर्यंत पोरांना आणून सोडायला नको? तू ओट्यावर असतीस तर म्हणाली असतीस, "आनि तुज्या प्रेरणाला तोंडाला येतंय ते हाताला कोन आननार?"  असं दिवसातून चारदा होतं. मला भांडायला तू हवी आहेस. एकटीनं दोन्ही बाजू भांडून माझा जीव मेटाकुटीला आलाय.

आज संध्याकाळी दोघींना पाढे म्हणायला बसवलं. हो, बसवलं. प्रेरणानं बाराचा पाढा घडाघडा म्हटला. मग लावण्या. बारा पंचे साठ, बारा सक बाहत्तर, आणि थांबली. मी वाट बघितली. "बारा साते?" मी विचारलं.

ती गप्प. तुझ्यासारखीच, खाली बघून.

"येत नाही का?"

"येतंय की."

"मग सांग."

"न्हाय सांगणार."

प्रेरणा मध्येच म्हणाली, "आई, तिला येतं, तू डझन विचार." मी तिला गप्प केलं. लावण्या सतरंजीची दशी ओढत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तवा आईला बी येत हुतं. मी खिडकीत हुते. तिला दिसंल असं बोटांनी दाखवलं मी. आदी आठ, मग चार. आईनं बघितलं माझ्याकडं."

"मग?"

"मान हलवली. नको म्हणून." तिनं दशी तोडली. "घरी गेल्यावर मी इचारलं, आई, तुला येतंय की, मग का न्हाय सांगितलंस? तर म्हनाली, अक्काला उत्तर नको हुतं."

पद्मा, मी तिथंच बसून राहिले. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, त्यासुद्धा मोजल्या नाहीत. म्हणजे तुला सगळं कळलं होतं. आकडा तर येतच होता. मी तो विचारतच नव्हते, हेही तुला कळलं होतं. तू चौऱ्याऐंशी म्हणाली असतीस तर मी तेराचा विचारला असता, मग सतराचा, तू गप्प होईपर्यंत. तू मला तेवढं ओळखत होतीस. आणि हे सगळं कळून तू महिन्यानं माझ्याशेजारी येऊन बसलीस.

लावण्यानं मान वर केली. "आता पायजे का तुमाला?"

मी हो म्हटलं. 

"चौऱ्याऐंशी," ती म्हणाली, आणि उठून भाकरी खायला आत गेली.

उद्याच्या सभेत तो अर्ज परत पुढं येणार आहे. माझ्या पर्समध्येच आहे तो. मी त्याच खोलीत फळ्याजवळ उभी राहणार आहे. तुझ्या सात डझनांबद्दल सांगणार आहे, आणि मी तुला काय विचारलं होतं आणि का विचारलं होतं, तेही सांगणार आहे. तुझी चौथी मात्र सांगणार नाही, ती माझ्याजवळच राहील. माझ्या सहीवर मी सगळ्यांसमोर रेघ मारीन. मग मॅडमना म्हणेन, टॉवेल राहू द्या, पण त्या टॉवेलांवरून पाढेसुद्धा घ्या, आणि रोज घ्या. त्यावर पुन्हा दोन तट पडतील, लोक भांडतील. भांडू देत. तुझ्या बाजूनं कोण बोलणार, याचीच मला काळजी वाटते. मला तुझ्याएवढं नीट बोलता येणार नाही.

मला माफ कर, पद्मा. हे तू ओट्यावर येऊन बसलीस त्या दिवशीच म्हणायला हवं होतं. तू हात पुढं केला होतास. मी नुसत्या शेंगा घेतल्या.